अंगणात मांडलेला संसार

आपल्याकडे घरातील जुनी वस्तू घराबाहेर जाते ती गुपचूप जाते. कपडे बोहारणीच्या गाठोड्यात जातात, रद्दी तराजूत चढते, मोडकी खुर्ची कामवाल्या बाईला 'नेतेस का?' असे विचारून दिली जाते. घरातल्या वस्तूंना किमतीच्या चिठ्ठ्या डकवून त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांपुढे मांडायच्या, ही कल्पनाच आपल्याला ओशाळवाणी वाटते. यांचे दिवाळे निघाले की काय, असे लोक म्हणायचे! अमेरिकेत मात्र ही विक्री सर्रास चालते आणि तीत कोणाची अब्रू जात नाही. पण तिथल्या माणसाच्या मनाची त्या वेळी जी ओढाताण होते, ती आपल्याला परकी नाही. म्हणूनच हा विषय आम्ही आज घेतला.

या विक्रीचे प्रकार दोन. पहिला 'गॅरेज सेल'. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे शहरांबाहेर स्वतंत्र घरांच्या वसाहती पसरल्या. घराला मोटारीची खोली आली, आणि लवकरच त्या खोलीत मोटार सोडून बाकी सारे साठू लागले. मग एखाद्या शनिवारी सकाळी तिचे दार उघडायचे, टेबले मांडायची, आणि मुलांची लहान झालेली सायकल, दोनदा वाचलेली पुस्तके, आहेरात आलेला तिसरा टोस्टर असा माल डॉलर-दोन डॉलरांना काढायचा. याची हौस इतकी की, 1987 पासून '127' क्रमांकाच्या रस्त्याच्या कडेने दर ऑगस्टात सहा राज्यांतून अशी दुकाने लागतात. लांबी 690 मैल!

दुसरा प्रकार 'इस्टेट सेल'. घरातले वडील माणूस वारले, किंवा वृद्धाश्रमात गेले, की अख्खे घरच विक्रीला उघडायचे. हे काम करणाऱ्या पेढ्या असतात. एकूण विक्रीचा तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, त्या घेतात. सकाळी दाराशी रांग लागते, क्रमांक वाटले जातात, आणि परकी माणसे स्वयंपाकघरातून शयनगृहात हिंडू लागतात. कपाटे उघडतात, ताटल्या उलटून खालचे छाप वाचतात. दोन-तीन दिवस हे चालते. शेवटच्या दिवशी किमती बहुधा निम्म्यावर येतात.

आता दुःख होते ते कशाचे? वस्तू गेल्याचे, असे आपण म्हणाल. आम्हांला तसे वाटत नाही. खरा चटका बसतो तो वस्तूची किंमत दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना. 1990 साली काहनेमन, नेच आणि थेलर या तिघा अभ्यासकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांना कॉफीचा एकेक पेला दिला. बाकीच्यांना दिला नाही. मग विचारले, कितीला विकाल, कितीला घ्याल? ज्यांच्या हाती पेला होता त्यांनी घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट किंमत सांगितली. अहो, मालकी घटकाभराची! मग ज्या पेल्यात तीस वर्षे चहा प्यायला, त्याचे काय?

त्यातून बाजारही फिरला आहे. जड लाकडाची कपाटे आणि सोनेरी काठाच्या चिनी मातीच्या ताटल्या यांना आता गिऱ्हाईक फारसे उरलेले नाही. भांडी धुण्याच्या यंत्रात सोनेरी काठ टिकत नाही आणि हाताने धुणार कोण? आईने जे जन्मभर सणापुरते जपले, ते मुलीला पाच डॉलरांना जाताना पाहावे लागते. उलट कधी नशीब भलतीकडेच फळते. न्यूयॉर्क राज्यात अशाच एका विक्रीत 3 डॉलरांना घेतलेला वाडगा सोंग काळातला चिनी निघाला, आणि 2013 साली लिलावात 22 लाख डॉलरांवर गेला. घेणाऱ्याचे सोडा, ज्याने तो 3 डॉलरांना दिला त्याच्या मनाचा आम्ही विचार करतो.

ग्रेचेन हेरमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी न्यूयॉर्क राज्यात अशा विक्रींचा पुष्कळ अभ्यास केला. 1997 सालच्या त्यांच्या निबंधाचा प्रश्नच असा की, इथे हात बदलते ती विक्रीची वस्तू की देणगी? कारण घेणारा वस्तू नीट सांभाळील असे वाटले, की विकणारे किंमत उतरवतात, कधी फुकटही देतात. म्हणजे माणूस पैसे शोधत नसतो, तो वारस शोधत असतो.

हे आम्ही एकदा डोळ्यांनी पाहिले. आमच्या एक मावशी लग्नानंतर तिकडे गेल्या, त्यांनी न्यू जर्सीत चाळीस वर्षे संसार केला. यजमान गेल्यावर मुलीजवळच्या दोन खोल्यांत राहायला जायचे ठरले, म्हणून घरात विक्री मांडली. घरच्यांनी त्या दिवशी थांबू नये, असा पेढीचा आग्रह असतो. मावशी समोर मोटारीत बसून राहिल्या, आम्ही शेजारी. लोक दिवे नेत होते, गालिचे नेत होते. त्या बोलत नव्हत्या. एवढ्यात एक म्हातारे गोरे गृहस्थ पुरणयंत्र घेऊन बाहेर आले. चिठ्ठी होती 2 डॉलरांची. मावशी दार उघडून उतरल्याच. 'हे कशाचे, ठाऊक आहे का?' म्हणून त्यांनी विचारले. गृहस्थ म्हणाले, आमची आई असल्याच यंत्रात उकडलेली सफरचंदे घोटायची. मावशींनी दांडा फिरवून दाखवला, उलटा फिरवला की खाली चिकटलेले सुटते तेही सांगितले. मग त्यांना थांबवून त्या घरात गेल्या आणि फडताळात राहिलेली बारीक भोकांची चकती शोधून घेऊन आल्या. तिचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.