एकाच आराखड्याचे दोन उपयोग

खानदेशातून येऊन सुरतेच्या उधना-लिंबायत भागात स्थिरावलेल्या आमच्या अनेक बांधवांना जॅकार्डचा माग नवा नाही. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर चढवावी. भोक असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जातो आणि साडीच्या पदरावर कोयरी उमटते. आता पुष्कळ ठिकाणी पुठ्ठ्यांची जागा इलेक्ट्रॉनिक जॅकार्डने घेतली आहे; तत्त्व मात्र तेच. पुठ्ठ्यांचा दुसरा संच हवा असल्यास भोकांबरहुकूम भोके पाडली की झाले. नक्षी कोणती, हे प्रत काढणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नाही.

यंत्र स्वतःसारखेच दुसरे यंत्र घडवू शकेल काय, या प्रश्नाचे उत्तर याच भेदात दडलेले होते. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील पॅसाडेना येथे गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी या विषयावर व्याख्यान दिले. अडचण अशी की, यंत्राच्या पोटात त्याचा संपूर्ण आराखडा ठेवावा, तर त्या आराखड्यात आराखड्याचाही आराखडा हवा. याला अंत नाही. नॉयमन यांची तोड साधी होती. आराखडा एकदा वाचून त्याप्रमाणे नवे यंत्र बांधावे. मग न वाचता त्याची नुसती नक्कल करून ती नव्या यंत्राच्या स्वाधीन करावी. असे यंत्र त्यांनी चौकटींच्या अमर्याद पटावर, प्रत्येक घराच्या २९ अवस्था कल्पून, कागदावर रचले. १९५७ साली ते निवर्तले. आर्थर बर्क्स यांनी पूर्ण केलेला त्यांचा ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५३ मध्ये डीएनएची रचना उलगडली, आणि जीवपेशींतही हाच दुहेरी व्यवहार चालतो, हे पुढील संशोधनाने दाखविले.

प्रत्यक्ष संगणकात ही कल्पना बऱ्याचदा उपद्रवी रूपाने अवतरली. १९९० मध्ये भारतात 'जोशी' नावाचा विषाणू आढळला. तो फ्लॉपीच्या आरंभभागात दडून बसे, संगणकात शिरे आणि पुढे घातलेल्या फ्लॉप्यांवर आपली प्रत ठेवी. ५ जानेवारीस तो संगणक अडवून धरी. 'हॅपी बर्थडे जोशी' असे टंकित केल्यावाचून काम पुढे सरकत नसे. जोशी मराठीही असतात आणि गुजरातीही. तेव्हा वाढदिवस कोणाचा, यावर सुरतेत एकमत होणे कठीण!

मुलांच्या वह्या तपासताना आम्हांस नॉयमन आठवतात. फळ्यावरची मराठी वाक्ये मुले सुबक उतरवितात. अर्थ विचारला की गप्प होतात. आराखड्याची नक्कल निघते, यंत्र मात्र उभे राहत नाही. नक्कल शाळेत होईल. त्या अक्षरांत जीव येण्यासाठी घरी मराठी बोलली गेली पाहिजे.