घर विकण्यापूर्वी नियमभंगाचे निवारण

बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेले कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील दोन तालुके. एका बाजूने उल्हास नदी, दुसऱ्या बाजूने पाताळगंगा आणि मधोमध भातशेतीचा मुलूख, असे या परिसराचे जुने रूप. मुंबई-पुणे लोहमार्ग, कर्जत-खोपोली शाखा आणि नंतरचा द्रुतगती मार्ग यांमुळे गेल्या काही दशकांत येथे सहकारी गृहनिर्माण संस्था, रांगेतील घरे आणि बंगल्यांच्या भूखंडांच्या योजना उभ्या राहिल्या. त्या वेळी बांधलेली घरे आता दुसऱ्या हाती जाऊ लागली आहेत. बांधताना किंवा वाढविताना ज्या गोष्टींकडे काणाडोळा झाला, त्या विक्रीच्या वेळी आडव्या येतात, असा अनुभव अनेक कुटुंबांना येतो.

नमुन्यादाखल एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. एका निवृत्त शिक्षकाने कर्जतजवळील गृहनिर्माण संस्थेतील आपले घर विकण्याचे ठरविले. पत्नीच्या औषधोपचारासाठी मुलाजवळ पुण्यास जाऊन राहणे आवश्यक होते आणि घराच्या किमतीतूनच तेथील निवाऱ्याची सोय व्हावयाची होती. गिऱ्हाईक मिळाले, इसार ठरला. मात्र खरेदीदाराच्या बँकेने मंजूर नकाशा मागितला, तेव्हा घरामागची स्वयंपाकखोली त्यात नसल्याचे दिसून आले. तिचा काही भाग संस्थेच्या सामाईक जागेत गेला होता. संस्थेने त्याबद्दल पूर्वी दोन नोटिसा दिल्या होत्या. त्या कपाटात तशाच पडून होत्या. व्यवहार थांबला. सर्व काही मान्य करूनही वेळ हातातून निसटली होती.

अशी वेळ येऊ नये म्हणून काय करावे, याची माहिती घर विकणाऱ्यास तर हवीच. परंतु गावात ज्यांच्याकडे लोक सल्ला विचारावयास येतात, त्या पंचायत सदस्य, शिक्षक व कर्मचारी यांनाही ती असणे उपयुक्त आहे.

नियमभंग कोणाचा?

‘घराचे काम नियमात नाही’ असे म्हटले जाते तेव्हा त्यात बहुधा तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली, संस्थेच्या उपविधींचा भंग : परवानगीवाचून केलेला फेरबदल, सामाईक जागेचा एकट्याने वापर, थकलेली वर्गणी. दुसरी, नगररचना कायद्याचा भंग : मंजूर नकाशाबाहेरचे बांधकाम, सामासिक अंतरात घातलेली पडवी, गच्चीवरील पत्र्याची बंदिस्त शेड. तिसरी, जमिनीच्या वापरासंबंधीचा किंवा अभिलेखातील दोष.

या तिन्हींचे अधिकारी वेगळे आणि उपायही वेगळे. संस्थेने मान्यता दिली म्हणून नियोजन प्राधिकरणाची परवानगी मिळाली असे होत नाही. त्याचप्रमाणे प्राधिकरणाने नकाशा मंजूर केला म्हणून संस्थेची सामाईक जागा कोणा एका सभासदाची होत नाही. दोन कुलपांना दोन किल्ल्या लागतात, हे ध्यानात ठेवले म्हणजे निम्मा गोंधळ टळतो.

संस्थेकडील बाजू

सहकारी गृहनिर्माण संस्थांचा कारभार महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि संस्थेचे नोंदणीकृत उपविधी यांनुसार चालतो. २०१९ मध्ये या अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी १३-ब हे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. त्यातील कलम १५४ब-७ नुसार, वारस वा नामनिर्देशित व्यक्तीकडे होणारे हस्तांतरण सोडल्यास, संस्थेचे येणे चुकते झाल्याखेरीज आणि घेणाऱ्याने समितीच्या मान्यतेने सभासदत्व मिळविल्याखेरीज सभासदाच्या भागाचे व हितसंबंधाचे हस्तांतरण अंमलात येत नाही. म्हणून विक्रेत्याचे पहिले काम म्हणजे संस्थेकडे लेखी अर्ज करून आपल्या नावावरील येणे आणि प्रलंबित नोटिसा यांचा तपशील मागणे. तोंडी चौकशी पुरेशी नाही. सचिव बदलतात, समित्या बदलतात. कागद मात्र राहतो.

घरात भर घालणे किंवा फेरबदल करणे यासाठी व्यवस्थापक समितीची पूर्वपरवानगी लागते, अशी तरतूद आदर्श उपविधींत आहे. भंग झाल्यास समितीने कारणे दाखवा नोटीस द्यावी, सभासदास म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, आणि दंड सर्वसाधारण सभेने ठरविलेल्या मर्यादेतच असावा, अशी रीत आहे. नोटीस आली की तिला लेखी उत्तर देणे सभासदाच्याच हिताचे असते. भंग मान्य असेल तर तो किती दिवसांत दूर केला जाईल हे कळवावे. मान्य नसेल तर कारणे द्यावीत. काम काढून टाकल्यावर समितीकडून पाहणी करवून घ्यावी आणि ‘विषय निकाली निघाला’ असा समितीचा ठराव व त्याची प्रत मिळवावी. ही प्रत हाती असेल तर पुढे नवी समिती आली तरी जुना वाद उकरून निघत नाही.

विक्रीची इच्छा संस्थेस पंधरा दिवसांच्या नोटिशीने, खरेदीदाराच्या संमतीपत्रासह कळवावयाची असते. आदर्श उपविधींनुसार हस्तांतरणासाठी संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र ही अपरिहार्य अट नाही; मात्र पक्षकारांनी ते मागितल्यास समितीने महिन्याभरात गुणदोष पाहून विचार करावयाचा आहे. बँका ते बहुधा मागतात, म्हणून ते आधीच मिळवून ठेवणे सोयीचे. सभासदत्वाच्या अर्जावरील निर्णय संस्थेने तीन महिन्यांच्या आत कळवावयाचा असतो. नकार दिल्यास त्याची कारणे द्यावी लागतात आणि त्याविरुद्ध निबंधकाकडे दाद मागता येते.

समितीच्याही काही मर्यादा आहेत. हस्तांतरणाच्या अधिमूल्यावर शासनाने २००१ मध्ये कमाल मर्यादा घातल्या. महानगरपालिका क्षेत्रात ही मर्यादा २५,००० रुपये असून नगरपरिषद व ग्रामपंचायत क्षेत्रांत ती त्याहून कमी आहे. ‘देणगी’ किंवा ‘विकास निधी’ असे नाव देऊन जादा रक्कम मागता येत नाही. नियमभंग दाखवून विक्री अडवून धरणे आणि मग रक्कम घेऊन ती सोडणे ही शिस्त नव्हे. खरा भंग असेल तर तो पैसे घेऊनही भंगच राहतो. नसेल तर पैसे मागण्यास आधार नाही. समिती व सभासद यांच्यातील वाद कलम ९१ अन्वये सहकार न्यायालयापुढे नेता येतात. परंतु विक्री तोंडावर असताना न्यायालयापेक्षा समजुतीचा मार्ग जवळचा असतो.

काही योजना सहकारी संस्था म्हणून नव्हे, तर महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियम, १९७० खाली घोषणापत्र करून झालेल्या असतात. तेथेही मालकांच्या संघटनेचे उपविधी पाळणे बंधनकारक असून, इमारतीच्या सुरक्षिततेस बाध येईल असे काम करता येत नाही. बंगल्यांच्या काही योजनांत मात्र नोंदणीकृत संस्थाच नसते. अशा ठिकाणी रस्ता, कुंपण, पाणी आणि बांधकामाचा नमुना यांविषयीच्या शर्ती मूळ खरेदीखतातच लिहिलेल्या असतात. ते खत काढून वाचणे, हाच तेथे आरंभ.

नियोजन प्राधिकरणाकडील बाजू

कर्जत-खालापुरात ‘परवानगी कोणाची?’ हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. कर्जत, खोपोली व माथेरान येथे नगरपरिषदा असून खालापूर येथे नगरपंचायत आहे. नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी, म्हणजे ‘नैना’साठी, २०१३ मध्ये सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली, तेव्हा या परिसरातील गावेही त्या क्षेत्रात घेण्यात आली होती. केंद्र शासनाने ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने माथेरान व भोवतालचे २१४.७३ चौरस किलोमीटर क्षेत्र पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केले असून, त्याभोवती २०० मीटरचा पट्टाही राखला आहे. राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली, त्या वेळी नैना क्षेत्र आणि असे संवेदनशील प्रदेश तिच्यातून वगळण्यात आले होते. परिणामी चार-सहा किलोमीटरच्या अंतरावरील दोन घरांना दोन निराळ्या नियमावली लागू असू शकतात. शेजारच्या गावात चालले ते आपल्याकडेही चालेल, हा समज येथे महागात पडतो. आपला गट क्रमांक कोणत्या क्षेत्रात येतो, हे प्रथम लेखी विचारून घ्यावे.

त्यानंतर परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्याकडून घराचे मोजमाप घेऊन ते मंजूर नकाशाशी ताडून पाहावे. जो फरक निघेल त्याचे दोन भाग पडतात. चटई क्षेत्र, सामासिक अंतरे व उंची यांच्या मर्यादेत बसणारे, परंतु परवानगी न घेता केलेले काम अर्ज करून व शुल्क भरून नियमित होऊ शकते. मर्यादेबाहेरचे काम काढावेच लागते. सामाईक जागेत गेलेले बांधकाम तर दुसऱ्याच्या जमिनीवरचे असल्याने अर्जदारास आपल्या नावे नियमित करून मागताच येत नाही.

प्राधिकरणाची नोटीस आली असल्यास महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चे कलम ५३ लक्षात घ्यावे. नोटिशीत दिलेल्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम ४४ खाली परवानगीचा अर्ज करता येतो, आणि त्या अर्जाचा अंतिम निर्णय होईपर्यंत नोटिशीचा अंमल थांबतो. परवानगी मिळाल्यास नोटीस मागे घेतल्यासारखी होते. एखाद्या भागापुरतीच मिळाल्यास उरलेल्या भागास नोटीस लागू राहते. मुदत उलटून गेली की ही वाट बंद होते. नोटीस कपाटात ठेवणे हे म्हणूनच सर्वांत नुकसानीचे.

घरपट्टी म्हणजे परवानगी नव्हे

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घराची नोंद आहे, घरपट्टीची पावती आहे, म्हणजे घर कायदेशीर आहे, असे मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. हे बरोबर नाही. करआकारणी ही इमारत उभी आहे म्हणून होते. ती परवानगीने उभी आहे की नाही, याचा निवाडा त्यातून होत नाही. मालकी हक्काचाही तो पुरावा नव्हे. नगरपरिषदांच्या कायद्यात तर अवैध बांधकामावर दंडात्मक कर बसविण्याची तरतूद असून, तो भरल्याने बांधकाम नियमित ठरत नाही.

याच वेळी सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका ताजी काढून तीवरील नावे, बोजे व शेरे पाहावेत. जुने कर्ज फिटले असेल तर बोजा कमी केल्याची नोंद झाली आहे का, जमिनीच्या वापराचा आदेश आहे का, त्यातील शर्ती कोणत्या, हे तपासावे. अकृषिक वापराविषयीच्या तरतुदींत वेळोवेळी बदल झाले असल्याने सद्यःस्थिती तहसील कार्यालयातूनच जाणून घेणे इष्ट.

सांगणे हे कर्तव्य

काही वेळा सर्व दोष विक्रीपूर्वी दूर होणे शक्य नसते. आजारपण, कर्ज किंवा बदली थांबत नाही. अशा वेळी दोष झाकून व्यवहार उरकण्याचा मोह होतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, उलट करार नसल्यास, मालमत्तेतील वा तिच्या हक्कातील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्यास माहीत आहे आणि खरेदीदारास सामान्य दक्षतेने कळण्यासारखा नाही, तो उघड करणे विक्रेत्यास बंधनकारक आहे. न सांगणे हे कपट समजले जाते. विक्रीच्या तारखेपर्यंतचे सरकारी देणेही त्यानेच द्यावयाचे असते.

तेव्हा प्रामाणिक मार्ग असा की, नोटिशीच्या प्रती खरेदीदारास द्याव्यात. दोष कोणी, किती मुदतीत व कोणाच्या खर्चाने दूर करावयाचा हे करारनाम्यात लिहावे. आणि किमतीतील ठरावीक रक्कम ते काम पुरे होईपर्यंत राखून ठेवावी. किंमत थोडी उतरेल, परंतु व्यवहार टिकेल. खरेदीदारही बहुधा आयुष्याची पुंजी घालून घर घेत असतो, हे विसरून चालणार नाही.

कामाचा क्रम

हा सर्व विचार क्रमाने मांडला तर तो असा : प्रथम संस्थेकडून येणे व नोटिसा यांचा लेखी तपशील, मग मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र व जमिनीचे उतारे, त्यानंतर प्रत्यक्ष मोजमाप, मग काढावयाचे काम काढणे आणि नियमित होणाऱ्या कामासाठी अर्ज, शेवटी समितीचा ठराव आणि प्राधिकरणाचा आदेश. हे हाती आल्यावरच इसार घ्यावा. विक्रीचा विचार मनात येताच या कामास लागावे. गिऱ्हाईक दारात आल्यावर नव्हे.

वरील उदाहरणातील शिक्षकाची अडचण तशी मोठी नव्हती. सामाईक जागेतील भिंत मागे घेणे आणि उरलेल्या खोलीसाठी अर्ज करणे, एवढेच काम होते. पहिली नोटीस आली त्याच वर्षी ते झाले असते, तर भिंतीच्या खर्चावर भागले असते. उशिरामुळे त्यात व्यवहार गेला, आणि आजारी माणसाच्या निवाऱ्याची सोय लांबली.

ग्रामसभेत किंवा संस्थेच्या वार्षिक सभेत या विषयाची अर्धा तास चर्चा ठेवली, सभासदांना आपापले मंजूर नकाशे काढून पाहण्यास सांगितले, तर अनेक घरांतील हा घोळ वेळीच निस्तरेल. गावातील शिक्षक, पंचायत सदस्य आणि ग्रामपंचायत कर्मचारी यांच्याकडून एवढी वाट दाखविली गेली, तरी ते मोठेच साहाय्य ठरेल.