‘ग्रॅम निगेटिव्ह’ म्हणजे आजार नाही असे नव्हे! रिपोर्टवरची जिवाणूंची वर्गवारी अशी समजून घ्या

बेळगाव : ताप हटत नाही म्हणून डॉक्टर लघवीची किंवा रक्ताची ‘कल्चर’ तपासणी सांगतात. दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट हातात येतो आणि त्यावर ‘ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय’ असे छापलेले असते. ‘निगेटिव्ह’ शब्द दिसला की घरच्यांना हायसे वाटते. डेंग्यूचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो तसाच हाही, असे समजून कागद कपाटात जातो. हा गैरसमज महागात पडू शकतो. कारण इथे जिवाणू सापडलेला आहे. ‘निगेटिव्ह’ हे फक्त त्याच्या गटाचे नाव आहे.

ग्रॅम म्हणजे कोण?

वजनाच्या ग्रॅमशी याचा काही संबंध नाही. हान्स क्रिस्तियान ग्रॅम हे डेन्मार्कचे डॉक्टर. बर्लिनमध्ये काम करताना 1884 साली त्यांनी जिवाणू रंगवून पाहण्याची पद्धत प्रसिद्ध केली. काचपट्टीवरच्या नमुन्याला आधी जांभळा रंग देतात, मग आयोडीन लावतात आणि अल्कोहोलने धुतात. ज्या जिवाणूंचे कवच जाड, ते जांभळा रंग धरून ठेवतात. ते ‘ग्रॅम पॉझिटिव्ह’. ज्यांचे कवच पातळ, त्यांचा रंग धुतला जातो आणि नंतर दिलेला गुलाबी रंग चढतो. ते ‘ग्रॅम निगेटिव्ह’.

आकारावरून पोटभेद

रंगानंतर आकार पाहतात. गोल असेल तर ‘कॉकाय’, काडीसारखा असेल तर ‘बॅसिलाय’. द्राक्षांच्या घोसासारखे गोल जिवाणू म्हणजे स्टॅफिलोकोकस; गळवे, जखमेत पू होणे ही याची कामे. माळेसारखे असतील तर स्ट्रेप्टोकोकस. घसा सुजणे हा त्याचा नेहमीचा त्रास. हे दोन्ही ग्रॅम पॉझिटिव्ह. धनुर्वात आणि घटसर्पाचे जिवाणूही याच गटातले, पण काडीच्या आकाराचे.

ग्रॅम निगेटिव्ह गटात लघवीच्या संसर्गाला बहुतेक वेळा कारण ठरणारा ई-कोलाय, टायफॉइडचा साल्मोनेला, स्वल्पविरामासारखा वाकडा कॉलऱ्याचा व्हिब्रिओ आणि प्लेगचा जिवाणू येतात. म्हणजे गावेच्या गावे ओस पाडणारे काही आजार याच ‘निगेटिव्ह’ गटातले आहेत.

या खात्यात न बसणारे

क्षयरोगाच्या जिवाणूवर मेणासारखा थर असल्याने तो ग्रॅमच्या रंगाला नीट दाद देत नाही. त्यासाठी वेगळा लाल रंग वापरतात. लेप्टोस्पायरा तर इतका बारीक आणि मळसूत्री की साध्या सूक्ष्मदर्शकात दिसतच नाही. उंदराच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून तो पायाच्या जखमेवाटे शरीरात शिरतो. कोकण, गोव्यात भातशेतीत चिखलात उतरणाऱ्यांनी पावसाळ्यातला ताप अंगावर काढू नये तो यासाठीच.

वर्गवारीचा उपयोग काय?

औषध यावरच ठरते. ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूंना बाहेरून आणखी एक आवरण असते, त्यामुळे साधे पेनिसिलिन त्यांतील बहुतेकांवर चालत नाही. डेंग्यू, फ्लू हे तर विषाणूचे आजार; त्यावर कुठलीच अँटिबायोटिक उपयोगाची नाही. म्हणून ‘शेजाऱ्याला ही गोळी लागू पडली’ म्हणून मेडिकलमधून तीच आणणे धोक्याचे. अशाने आजार तर राहतोच, शिवाय औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढतात.

रिपोर्ट वाचताना

औषधांच्या नावांपुढे ‘एस’ असेल तर ते औषध त्या जिवाणूवर चालते, ‘आर’ असेल तर चालत नाही. तरीही औषध निवडायचे काम डॉक्टरांचेच. कल्चरचा नमुना शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्याआधी द्यावा. पण रुग्ण गंभीर असेल तर तपासणीसाठी औषध लांबवू नये. पाकिटावर उभी लाल रेघ असलेली गोळी चिठ्ठीशिवाय घेऊ नये. बरे वाटले म्हणून डॉक्टरांना न विचारता औषध मध्येच सोडू नये.

तपासणी बेळगावात करा, कोल्हापुरात करा की पणजीत, रिपोर्टवरची ही भाषा एकच असते. तेव्हा ‘निगेटिव्ह’ वाचून कागद घडी घालून ठेवण्याआधी तो एकदा डॉक्टरांना दाखवा.