आईची श्रमनिद्रा

तुळजापूरची भवानी वर्षातून तीनदा झोपते. शारदीय नवरात्राच्या आधी भाद्रपद वद्य अष्टमीपासून, मग दसऱ्याचं सीमोल्लंघन झाल्यावर आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या तोंडावर. शेजारती आपल्याकडे देवळोदेवळी होते, पण ती झाली म्हणून मूळ मूर्ती जागची हलत नाही. तुळजापुरात मात्र गंडकी शिळेची ती अष्टभुजा महिषासुरमर्दिनी खरोखर सिंहासनावरून उचलली जाते, शेजघरात नेली जाते आणि पलंगावर निजवली जाते. मूर्ती चल आहे, म्हणूनच हे घडू शकतं. निद्रेच्या दिवसांत सिंहासन रिकामं असतं आणि भाविक पलंगावरच्या देवीचं दर्शन घेऊन परततात. पंढरीत याच्या उलट चाल. आषाढी-कार्तिकीला विठोबाचा पलंग काढून ठेवतात, कारण लेकरं दारात असताना त्याने झोपायचं नाही.

सर्वशक्तिमान म्हणून जिला हाक मारायची तिला झोप कशी लागते, असा प्रश्न काहींना पडतो. त्याचं उत्तर शाक्तांच्या मुख्य ग्रंथातच आहे. मार्कंडेय पुराणातल्या देवीमाहात्म्याचे, म्हणजे दुर्गासप्तशतीचे, 13 अध्याय. त्यातल्या पहिल्या अध्यायात देवी तलवार घेऊन येतच नाही, ती येते विष्णूच्या डोळ्यांवरची योगनिद्रा होऊन. मधु आणि कैटभ ब्रह्मदेवावर चालून येतात तेव्हा तो विष्णूला हाका मारत बसत नाही. तो त्या निद्रेची स्तुती करतो, ती डोळ्यांतून उतरते आणि मगच विष्णू उठून लढतो. पुढे पाचव्या अध्यायात देव तिला भूक, तहान, दया, भ्रांती अशा अनेक रूपांत नमस्कार करतात, त्यांत झोपही आहे. तेव्हा निद्रेला शक्तीचा अभाव समजण्याचं कारण नाही. ती शक्तीचीच एक अवस्था आहे.

हाच विचार ज्ञानेश्वर शरीराच्या आत नेतात. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी वेटोळं घालून निजलेली आहे, नागिणीच्या पिलासारखी, इवलीशी, कुंकवाच्या रंगाची. योग्याने आसन घातलं, बंध बांधले की ती जागी होते, आणि जागी होते ती भुकेली. देहातलं मांस, धातू ती खात सुटते. तृप्त झाली की शांत होते आणि प्राणाला आधार देते. गीतेच्या मूळ श्लोकांत कुंडलिनीचं नावही नाही. हा विस्तार ज्ञानेश्वरांचा, निवृत्तिनाथांकडून आलेल्या नाथपंथी वारशातला. मराठीत आंतरिक शक्तीचं इतकं धीट, इतकं शारीर वर्णन पुन्हा क्वचितच झालं असेल. आणि या जगदंबेलाही आधी झोपलेली दाखवावं, असं त्यांना वाटलं.

आता पुन्हा तुळजापुरात येऊ, कारण मला खरं सांगायचं आहे ते त्या पलंगाबद्दल. तो तुळजापुरात बनत नाही. पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावात तो घडतो, तिथून जुन्नर, नगर अशी वाट धरून गावोगावचा पाहुणचार घेत देवीकडे येतो. पालखी येते नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून. तिचा मान तिथल्या तेली समाजातल्या भगत घराण्याचा. गादीचा कापूस पिंजण्याचा मान मुसलमान पिंजाऱ्यांकडे, आणि गाद्यांच्या कामाला कवड्यांच्या माळा घातलेल्या आराधी बायकांचे हात लागतात. मूर्ती उचलण्याचा अधिकार भोपे पुजाऱ्यांचा. सुतार, तेली, पिंजारी, आराधी, भोपे, एकाचाही हात आखडला तरी आईची झोप अडेल.

सप्तशतीच्या दुसऱ्या अध्यायात देवी प्रकटते तीही अशीच. महिषासुरापुढे हरलेल्या देवांच्या अंगातून तेज निघतं, एकवटतं आणि त्याची एक स्त्री होते. शंकर त्रिशूळ देतो, विष्णू चक्र, इंद्र वज्र, हिमालय सिंह. एकट्या कुणाच्याने जे झालं नाही ते सगळ्यांनी आपापलं काढून दिल्यावर झालं. पुराणात देवांनी जे केलं, ते तुळजापूरच्या वाटेवरची गावं दरवर्षी करतात. देवीचं सामर्थ्य गाभाऱ्यापुरतं असतं, तर घोडेगावच्या रंध्याला आणि पिंजाऱ्याच्या धनुकलीला त्यात मान मिळाला नसता.

दसऱ्याच्या पहाटे या सगळ्यांची गाठ पडते. मूर्तीला इजा होऊ नये म्हणून तिच्याभोवती साड्यांचं दिंड गुंडाळतात आणि ती पालखीत ठेवतात. संबळ कडाडत असतो, पोत पेटलेले असतात, ‘आई राजा उदे उदे’च्या गजरात कुंकवाची उधळण होते आणि देवळाच्या आवारातच पालखीची प्रदक्षिणा होऊन सीमोल्लंघन पार पडतं. नऊ दिवस लढून देवी दमलेली असते. तिला नव्या पलंगावर निजवतात; या झोपेला श्रमनिद्रा म्हणतात. जुना पलंग आणि पालखी होमात जातात. पुढच्या वर्षी पुन्हा लाकूड, पुन्हा सुतार, पुन्हा तोच प्रवास. इतका मानाचा पलंग, पण तो कुणी जपून ठेवत नाही, याचं मला फार मोल वाटतं. ठेवला असता तर घोडेगावचं काम एकदाच होऊन संपलं असतं.

श्रमनिद्रा पौर्णिमेपर्यंत चालते. त्याच सुमारास सोलापूरहून आणि कर्नाटकातून माणसं पायी निघतात. सोलापूर-तुळजापूर अंतर सुमारे 45 किलोमीटर. रात्रभर रस्ता चालता असतो, वाटेवर गावकरी चहा-फराळ देतात, मानाच्या काठ्या येतात. कोजागरीला आई पुन्हा सिंहासनावर बसते आणि त्या गर्दीचं दर्शन सुरू होतं.