उष्टावणानंतरची वाटी

सहा महिने भरले की मामाच्या मांडीवर बसवून बाळाला खीर चाटवतात. खरी कसोटी दुसऱ्या दिवसापासून. वरणावरचं नुसतं पाणी पोट भरतं, पोसत नाही. चमच्यातून ओघळणार नाही इतका घट्ट मुगाचा वरणभात, वर थोडं तूप, हे बरं. आठ महिन्यांपर्यंत दिवसाला २-३ वेळा, पुढे ३-४ वेळा. आईचं दूध चालूच. थुंकलं तरी दोन दिवसांनी तेच पुन्हा द्यावं.

दोन वर्षांखालच्या मुलांच्या पोषणावर भर देणारं राज्याचं राजमाता जिजाऊ मिशन २००५मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतून सुरू झालं. त्या वयोगटातल्या खुज्या मुलांचं प्रमाण राज्यात २००५-०६मध्ये ३९ टक्के होतं. २०१२च्या पाहणीत २३.

आणि हो, वर्षाच्या आत मध नको. आजी रुसली तरी.