जिंकलात, पण कोणाशी?

जून 2022 मध्ये रणजी करंडकाच्या उपांत्यपूर्व फेरीत मुंबईने उत्तराखंडला 725 धावांनी हरवले. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये धावांच्या फरकाने मिळालेला तो सर्वांत मोठा विजय. अंतिम सामन्यात मात्र मध्य प्रदेशाने याच मुंबईला सहा गडी राखून नमवले. विक्रम खराच होता, पण करंडक कोण नेणार हे सांगायला तो पुरेसा नव्हता. पनवेलच्या महाविद्यालयांचे संघ मुंबई विद्यापीठाच्या स्पर्धांना उतरतात, तिथेही हाच पेच आहे. एखाद्याला बाय मिळतो आणि पुढे दोन कच्चे संघ. दुसऱ्याची गाठ पहिल्याच दिवशी गतविजेत्याशी. निकालपत्रक दोघांना एकाच मापाने मोजते.

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलने या पेचाला थेट हात घातला. तिथे वरच्या श्रेणीत साडेतीनशेहून जास्त संघ, अंतिम स्पर्धेत जागा 68. सगळे सगळ्यांशी खेळणे शक्यच नाही. म्हणून 1981 पासून ‘आरपीआय’ ही क्रमवारीची पद्धत आली. त्यात संघाच्या स्वतःच्या विजयांना फक्त पाव वजन, प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांना अर्धे आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना उरलेले पाव. गणित थोडे अतिच झाले. अगदी दुबळ्या संघाला हरवून क्रमांक घसरावा, असेही घडे! 2018 मध्ये ती मोडीत काढून ‘नेट’ ही पद्धत आणली. समोरचा संघ किती तगडा, हे मोजणे मात्र सोडले नाही.

यावर आक्षेप रास्त आहे: वेळापत्रक संघाच्या हातात नसते, मग लहान गटातल्यांना शिक्षा कशाला? अमेरिकेतल्याच गोन्झागा विद्यापीठाचा, अशाच लहान गटातला संघ 2021 मध्ये सलग 31 सामने जिंकून अंतिम फेरीत गेला आणि बेलरकडून 86-70 असा हरला. ‘यांचा गटच सोपा होता’ म्हणणाऱ्यांचे फावले. पण नुसत्या सोप्या गटाच्या जोरावर कोणी अंतिम फेरी गाठत नाही. आपल्याकडचा दाखला त्याहून बोलका आहे. 2010-11 मध्ये खालच्या प्लेट गटातून आलेल्या राजस्थानने मुंबईला बाहेर काढून रणजी करंडकच जिंकला. 2018-19 मध्ये त्याच वाटेने आलेल्या उत्तराखंडला मात्र विदर्भाने डावाने धूळ चारली. म्हणजे गट कमी दर्जाचा म्हणून संघही तसाच, हे आधी ठरवता येत नाही. खऱ्या तगड्या संघाशी गाठ घालून द्यावीच लागते. विजयांचे वजन जरूर करावे, दार मात्र लावू नये. रणजीत 2022-23 पासून ते लावले गेले: प्लेट गटातल्या संघांना आता त्याच हंगामात उपांत्यपूर्व फेरी नाही. त्या वेळचा राजस्थान आज असता, तर मुंबईशी दोन हात करायला त्याला आधी बढती मिळवून पुढच्या हंगामाची वाट पाहावी लागली असती.