रक्तातली माळ

तापानं फणफणलेल्या रुग्णाच्या रक्तात जंतू शिरले असले, तरी थेंबभर रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरून ते सहसा दिसत नाहीत. फारच थोडे असतात. म्हणून आधी त्यांना खाऊपिऊ घालून वाढवायचं. आठ-दहा मिलिलिटर रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत सोडतात आणि बाटली ३५ ते ३७ अंश सेल्सिअसच्या उबेत ठेवतात. जंतू वाढू लागले की कार्बन डायऑक्साइड सुटतो. काही बाटल्यांच्या तळाशी एक चकती असते, ती त्यानं पिवळी पडते. हेच ‘ब्लड कल्चर’.

मग त्यातला थेंब रक्त मिसळलेल्या अगारवर रेघोट्या ओढत पसरवायचा. ब्रिटनमध्ये यासाठी बऱ्याचदा घोड्याचं रक्त वापरतात. दुसऱ्या दिवशी बारीक ठिपके उठतात, भोवती हिरवट कडा. ‘ग्रॅम’ या रंगवण्याच्या पद्धतीनं रंगवले की जांभळे गोळे दिसतात, माळेत ओवलेले. हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला तरी, जखमेवर येतो तसा फेस येत नाही. इथवर पाहणारा म्हणेल, हा स्ट्रेप्टोकॉकसच.

पण काही जंतू या साच्यात बसेनात. समुद्राच्या जवळजवळ दुप्पट खारट, म्हणजे ६.५ टक्के मिठाच्या द्रवात ते खुशाल वाढत. हा एन्टेरोकॉकस या दुसऱ्या घराण्याचा गुण. पण एन्टेरोकॉकस १० अंशांच्या गारठ्यात आणि ४५ अंशांच्या उष्म्यातही वाढतो, हे मात्र दोन्हीकडे हटून बसत. ना इकडचे, ना तिकडचे.

निवाडा केला तो १६एस आरएनए या रेणूनं. हा प्रत्येक जीवाणूत असतो, सुमारे १५०० अक्षरांचा, आणि पिढ्यान्‌पिढ्या फार सावकाश बदलतो. म्हणून दोन जंतूंची अक्षरं शेजारी ठेवली की नातं किती जवळचं ते मोजता येतं. इंग्लंडमधल्या रेडिंगचे मॅथ्यू कॉलिन्स आणि अमेरिकेतले रिचर्ड फॅक्लम यांनी सहकाऱ्यांसह ही पडताळणी केली. हे घराणंच वेगळं निघालं. १९९२ साली नाव ठेवलं ‘ग्लोबिकॅटेला सँग्विस’.

लॅटिनमध्ये ‘ग्लोबिकॅटेला’ म्हणजे गोळ्यांची छोटी माळ आणि ‘सँग्विस’ म्हणजे रक्त. पण ‘रक्ताची’ म्हणायचं तर षष्ठी हवी, इथं तर प्रथमाच राहिली होती. पुढे ती चूक दुरुस्त झाली आणि नाव ‘सँग्विनिस’ झालं. जंतू तोच राहिला, फक्त विभक्ती बदलली.